महाजालाची पंचायत आणि आपला हुंकार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा धान्याच्या भावांविषयी अथवा लष्करच्या जुन्या पेठांविषयी आम्ही चार शब्द लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेली दोन वर्षे एका निराळ्याच विषयाने आमचे मन व्यापले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभा जन्म गेला तो चणा, तूर व मसूर यांच्या पोत्यांत. अशा माणसाने इंटरनेटच्या कारभाराविषयी लिहावे हे पाहून काही सभासद बंधूंना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. मात्र लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

आमचे बिऱ्हाड टोपी बाजारात आणि पेढी दालबाजारात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. विदर्भातील ज्या दालमिलशी आमचा वीस वर्षांचा व्यवहार, तिच्याकडून तुरीच्या डाळीचा ट्रक निघाल्याचे ईमेल आले. बिल बरोबर, पोत्यांची संख्या बरोबर, भावही ठरलेलाच. फक्त शेवटी एक ओळ अधिक होती : बँकेचे खाते बदलले आहे, तरी रक्कम नव्या खात्यावर पाठवावी. आम्ही ती पाठविली. चार दिवसांनी मिलच्या मालकांचा फोन आला, "शेठजी, माल पोचला असेल, रक्कम मात्र अजून जमा झाली नाही." आमच्या तोंडचे पाणी पळाले.

आमच्या पुतण्याने ते ईमेल पुन्हा उघडून पाठविणाऱ्याचा पत्ता मोठा करून आम्हाला दाखविला. मिलच्या नावात इंग्रजी 'एम' हे अक्षर आहे. या पत्त्यात त्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे खेटून बसविली होती. साठी उलटलेल्या डोळ्यांना काय, तरुण डोळ्यांनाही हा फरक सहसा कळू नये. कोणा भामट्याने मिलच्या नावासारखेच दुसरे नाव रीतसर विकत घेतले होते आणि त्या नावाआड बसून आमचा पैसा नेला होता. पुतण्याने तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदविली, त्यामुळे काही रक्कम वाटेतच थोपविता आली. बाकीची गेली ती गेलीच. मिलचे देणे आम्ही दुसऱ्यांदा चुकते केले; कारण माल आमच्या गोदामात उतरला होता आणि त्यांचा त्यात काडीमात्र दोष नव्हता.

पैशाचे दुःख कालांतराने ओसरले. एक प्रश्न मात्र मनातून जाईना. आमच्या बाजारात एखाद्याने शेजारच्या पेढीच्या नावात एखादा काना बदलून तशीच पाटी लावली, तर दुसऱ्या दिवशी चार वडीलधारे त्याला बोलावून घेतील आणि पाटी उतरवायला लावतील. मग इंटरनेटच्या या अफाट बाजारात नावे वाटतो कोण? नियम करतो कोण? तेथील पंच कोण? पुतण्याला हे ठाऊक नव्हते. परंतु शोध घेण्याची चिकाटी त्याच्यापाशी आहे. त्याने वाचावे, आम्हाला समजावून सांगावे आणि आम्ही व्यापाऱ्याच्या रीतीने उलटसुलट प्रश्न विचारावेत, असे कित्येक रात्री चालले. त्यातून जे हाती लागले ते येथे सांगत आहोत.

इंटरनेटच्या मुळाशी दोन खतावण्या आहेत, एक नावांची व दुसरी क्रमांकांची. माणसे नाव लक्षात ठेवतात, यंत्रे क्रमांक ओळखतात आणि या दोहोंचा मेळ बसला म्हणजे पत्र योग्य दारी पोचते. नावांच्या सर्वांत वरच्या खतावणीची व्यवस्था आयकॅन ही संस्था पाहते. ही नफा न घेणारी संस्था १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्थापन झाली. तिच्या त्या कामावर अमेरिकन सरकारची जी देखरेख होती, ती १ ऑक्टोबर २०१६ पासून संपुष्टात आली. क्रमांकांसाठी जगाचे पाच विभाग केलेले असून आपल्या आशिया-प्रशांत विभागाची संस्था एपनिक ही होय. तिचे काम १९९३ साली सुरू झाले व १९९८ पासून तिचे कार्यालय ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी आहे. आपल्या देशात २००३ साली स्थापन झालेली निक्सी ही संस्था 'डॉट इन' या नावांची व्यवस्था पाहते, आणि तिच्याच अंतर्गत इरिन ही शाखा देशातील क्रमांकांचे वाटप करते.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की, वाटपाचे नियम एखादा साहेब खुर्चीत बसून ठरवीत नाही. देशाचे कायदे देशात लागू असतातच; परंतु नावांचे व क्रमांकांचे नियम बव्हंशी खुल्या चर्चामंडळांतून तयार होतात. या मंडळांत सरकारी अधिकारी असतात, कंपन्यांचे लोक असतात, अभियंते, प्राध्यापक, भाषेचे जाणकार आणि केवळ इंटरनेट वापरणारे तुमच्याआमच्यासारखे नागरिकही असतात. एपनिकमध्ये नियम सुचविण्यासाठी सभासदत्व लागत नाही. कोणीही सूचना लिहून द्यावी. ती सभेच्या निदान चार आठवडे आधी सर्वांपुढे ठेवली जाते. मग उघड सभेत तिची छाननी होते. एकमत झाले तर पुन्हा चार आठवडे अखेरच्या आक्षेपांसाठी दिले जातात आणि त्यानंतर कार्यकारी मंडळाची संमती घेतली जाते.

ही चर्चा म्हणजे रिकामपणचा उद्योग नव्हे, याचे एक उदाहरण धान्याच्या व्यापाऱ्याला चटकन पटेल. जुन्या पद्धतीचे क्रमांक एकंदर सुमारे ४ अब्ज २९ कोटीच आहेत. जगात यंत्रे वाढली आणि कोठारातील धान्य संपत यावे तसे हे क्रमांक संपत आले. आपल्या विभागाचे कोठार सर्वांआधी तळाला लागले, तो दिवस होता १५ एप्रिल २०११. परंतु हा दिवस येणार हे ओळखून चर्चामंडळाने आधीच नियम करून ठेवला होता की, शेवटच्या साठ्यातून कोणालाही १०२४ पेक्षा अधिक क्रमांक देऊ नयेत. २०१९ साली ही मर्यादा ५१२ वर आणली गेली. हेतू हा की, उद्या नव्याने दुकान मांडणाऱ्यालाही मूठभर दाणे मिळावेत. थैली मोठी असणाऱ्याने सारा साठा उचलू नये. टंचाईच्या दिवसांत रेशनचा नियम कोणी केला आणि कोणाच्या सोयीने केला, यावर गरिबाच्या घरची चूल अवलंबून असते, हे आम्ही दुकानदारांनी डोळ्यांनी पाहिले आहे. क्रमांकांचे रेशनही तसेच.

या मंडळींची निर्णयाची रीत ऐकून तर आम्हाला मोठी मौज वाटली. इंटरनेटची तांत्रिक प्रमाणे ठरविणाऱ्या अभियंत्यांच्या सभा १९८६ पासून भरत आल्या आहेत. तेथे हात वर करून मते मोजण्याची प्रथा नाही. अध्यक्ष विचारतात, "या बाजूचे कोण?" आणि ज्यांना ती बाजू पटते ते ओठ मिटून 'हूं' असा आवाज काढतात. मग दुसऱ्या बाजूला तसेच विचारायचे. आवाज कोणीकडे दाट आहे यावरून सभेचा कल कळतो. परंतु तेवढ्याने निर्णय होत नाही. शंभरांचा आवाज एकीकडे असला आणि दुसरीकडे एकाच माणसाने सबळ कारण दाखविले, तर त्या कारणाचे समाधान झाल्यावाचून पुढे जाता येत नाही. मोजावयाची ती डोकी नव्हेत, कारणे होत. आपल्याकडे आजी गोष्ट सांगे तेव्हा मुलांनी हुंकार द्यावा लागे. हुंकार थांबला की गोष्टही थांबे. तीच ही हुंकाराची रीत, हे ध्यानी येताच ती परकी मंडळी आम्हाला जवळची वाटू लागली.

आता मराठी बोलणाऱ्यांच्या अगदी घरची गोष्ट सांगतो. इंटरनेटवरील नावे पूर्वी केवळ इंग्रजी अक्षरांतच असत. पुढे इतर लिप्यांना दार उघडले आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' हे नाव सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो व सिंधी या आठ भाषांची त्यात सोय होती. परंतु नावाच्या अखेरीस जे शब्द येतात, जसा 'भारत' हा शब्द, त्यांच्यासाठी प्रत्येक लिपीत कोणती अक्षरे चालावीत व कोणती चालू नयेत, याचा कायमचा नियम होणे अवश्य होते. आयकॅनने त्याकरिता त्या त्या लिपीच्या जाणकारांची मंडळे नेमण्याची पद्धत ठेवली. आपल्याकडील नऊ लिप्यांसाठी जे 'नव-ब्राह्मी' मंडळ बनले, त्याचे सहअध्यक्ष सर्वश्री अजय डाटा, महेश कुलकर्णी व उदय नारायण सिंह हे होते. यांपैकी श्री. कुलकर्णी पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील, म्हणजे संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम जेथे वर्षानुवर्षे चालले त्या घरातील.

वाचकहो, मराठीत एक अक्षर असे आहे की ज्याची ओळख हिंदी भाषिक शेजाऱ्याला पटकन पटत नाही. ते म्हणजे अर्धचंद्रासारखा वाकडा र. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत त्या एका र चाच फरक आहे. पण पहिल्याने व्याख्यानाची तयारी होते आणि दुसऱ्याने स्वयंपाकाची! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. आमचे पणजोबा ज्या वऱ्हाडातून ग्वाल्हेरीस आले ते वऱ्हाड, आणि टोपी बाजारातील आमचे हे बिऱ्हाड, दोन्ही शब्द त्या र वाचून लिहिता येत नाहीत.

संगणकावर हा र लिहिण्याचा एक मार्ग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरणे. परंतु वरच्या खतावणीत अशा अदृश्य चिन्हांना मज्जाव आहे, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. जे दिसत नाही त्याच्याच आडून फसवणूक होते. मग मराठीच्या या अक्षराने जावे कोठे? मंडळातील जाणकारांनी त्यावर वाट काढली. खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडला म्हणजे तोच वाकडा र उमटतो आणि अदृश्य चिन्हाची गरज उरत नाही. ही वाट नियमात नोंदविली गेली. देवनागरीचा मसुदा २०१८ साली सर्व जगापुढे आक्षेपांसाठी मांडला गेला आणि २०१९ साली तो मुख्य नियमावलीत दाखल झाला.

त्याच मंडळाने दिसायला सारख्या अक्षरांचाही विचार केला. देवनागरीचा ठ आणि गुरुमुखीचा ठ शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे सांगता येत नाही. अशा जोड्या आधीच नोंदवून ठेवल्या म्हणजे एक नाव एकाला आणि त्याचे जुळे दुसऱ्याला, असे होत नाही. आम्हाला बुडविले ते 'आर' आणि 'एन' या इंग्रजी अक्षरांनी, आणि तो प्रकार आजही घडू शकतो. पण नियम करणारे वेळीच जागे असतील तर भामट्याची वाट अरुंद करता येते, एवढे यावरून दिसले.

ग्वाल्हेरकरांना देवनागरी नावाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. इंग्रजी अमदानीत आपल्या संस्थानाचा टपालाविषयी करार झाला, तेव्हा १८८५ पासून येथील तिकिटांवर इंग्रजी नावाच्या जोडीला देवनागरीत 'ग्वालियर' असे छापले जाऊ लागले. तिकीट राणीच्या मुखवट्याचे, पण गावाचे नाव गावच्या लिपीत! ते नाव तेथे आपोआप उमटले नसेल. करार करताना कोणीतरी त्याचा आग्रह धरला असलाच पाहिजे.

सामान्य माणसाच्या आग्रहाने काही होते का, अशी शंका येईल. तिचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. २०१५ च्या मार्च महिन्यात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटवरील सेवांविषयी लोकांची मते मागविली, तेव्हा अल्पावधीतच दहा लाखांहून अधिक ईमेले गेली. वर्षअखेरीस पुन्हा मते मागविण्यात आली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम केला की, इंटरनेटवरील मजकूर पाहून कोणासाठी कमी व कोणासाठी अधिक असा दर लावता येणार नाही. रस्त्यावरून कोणाच्या दुकानाकडे फुकट जावे आणि कोणाच्या दुकानाकडे जकात भरून, हे रस्ता बांधणाऱ्याने ठरवू नये, हा त्यातील भावार्थ. लहान दुकानदाराच्या दृष्टीने याहून मोलाचा नियम कोणता?

एवढे सांगितल्यावर या पंचायतीचे दोषही लपविता कामा नयेत. चर्चा बहुतेक इंग्रजीत चालते. मोठ्या कंपन्यांची माणसे पगारी असतात, त्यांना एका देशातून दुसऱ्या देशी सभांना पाठविले जाते. आपण दुकान कोणावर टाकून जावे? आयकॅनच्या सभा २००८ साली दिल्लीत व २०१६ साली हैदराबादेत भरल्या, पण त्या काळी आपल्यापैकी किती जणांच्या कानांवर ती वार्ता आली? दार सर्वांना उघडे आहे हे खरे, परंतु उंबरा उंच आहे हेही तितकेच खरे. शिवाय नियम झाला म्हणजे तो सर्वत्र पाळला जातोच असे नाही. पुतण्याने पेढीसाठी देवनागरीतील ईमेलचा पत्ता घेतला. तो एका ठिकाणी अर्जात भरला असता 'पत्ता अयोग्य आहे' असे उत्तर आले. पत्ता योग्यच होता, अर्ज तयार करणाऱ्याचे ज्ञान अयोग्य होते.

आणि येथे आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देणे प्राप्त आहे. सभेला प्रवास करून जावे लागतेच असे नाही. घरबसल्या, विनाशुल्क, मोबाइलवरूनही बसता येते. तशा एका सभेला पुतण्याने आम्हाला गादीवरच बसविले. विषय फसव्या नावांविरुद्धच्या तक्रारींचा होता. आमच्या मनात एक मुद्दा घोळत होता : ज्याला इंग्रजी येत नाही अशा व्यापाऱ्याची तक्रार त्याच्या भाषेत घेतली जावी. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही बोला, मी इंग्रजीत सांगतो." अध्यक्षांनी विचारले, कोणाला आणखी काही सांगावयाचे आहे काय? आमचा धीर झाला नाही. दोन क्षण शांततेत गेले आणि ते पुढच्या विषयाकडे वळले. दालबाजारात दराच्या एका रुपयासाठी तास तास घासाघीस करणारे आम्ही, तेथे मुके झालो. आमचे मौन संमती म्हणून जमा झाले.

त्या रात्री आम्हाला वडिलांचे बोलणे आठवले. १९५८ साली दशमान वजने सुरू झाली, मण-शेर गेले आणि किलो-क्विंटल आले. वडील सांगत, नियम चांगलाच होता, पण तो येत असता बाजाराने कान दिला नाही. मग अंमल सुरू झाल्यावर हिशेब बसविताना गिऱ्हाइकांशी रोज हुज्जत. आमच्या समवयस्क एका सभासद बंधूंनी परवा टोपी बाजारात बोलता बोलता म्हटले, "आपण आपला तराजू सांभाळावा, जगाच्या पंचायती कशाला?" त्यांना आमचे नम्र उत्तर असे आहे की, आज आपला तराजूच त्या जगात टांगलेला आहे. भाव मोबाइलवर, बिल मोबाइलवर, पैसा मोबाइलवर. पेढीचे नाव हे पूर्वजांनी मिळविलेले भांडवल. ते नाव कोणत्या अक्षरांत लिहिता येईल आणि त्यासारखे दुसरे नाव कोणाला मिळेल, हे जेथे ठरते तेथे आपण गैरहजर राहावे, हा कसला हिशेब?

म्हणून आम्ही संघापुढे एक लहानशी सूचना ठेवीत आहोत. महिन्यातून एक सायंकाळ संघाच्या कार्यालयात पाच-सात जणांनी बसावे. घरोघरच्या शिकलेल्या मुलामुलींनी चालू असलेल्या चर्चेचा विषय मराठीत अथवा हिंदीत समजावून सांगावा. ज्याला फसवणुकीचा, नावाचा किंवा लिपीचा अनुभव असेल त्याने तो सांगावा. त्यातून एखादा मुद्दा पक्का झाला तर तो मुलांनी इंग्रजीत उतरवून निक्सीकडे, एपनिककडे अथवा योग्य त्या मंडळाकडे पाठवावा. खर्च चहाचा. आणि त्याच बैठकीत एक नियम प्रत्येक पेढीने गल्ल्यावर लिहून ठेवावा : खाते बदलल्याचे पत्र आले तर जुन्या, माहितीच्या क्रमांकावर फोन करून आवाज ओळखावा, मगच रक्कम पाठवावी, आणि फसगत झालीच तर लाज न बाळगता तत्क्षणी १९३० वर कळवावे. लाजेपायी दवडलेला प्रत्येक तास भामट्याच्या पदरात पडतो.

पुढील सभेची तारीख पुतण्याने भिंतीवरील पंचांगात खूण करून ठेविली आहे. आमचा मुद्दा त्याने चार ओळींत इंग्रजीत लिहिला असून तो आम्ही नातवाकडून मोठ्याने वाचून घेतला. उच्चार ऐकून सूनबाई हसल्या. हसोत बापड्या! या खेपेस अध्यक्षांनी विचारले की टोपी बाजारातून निदान एक हुंकार तरी जाईल. त्याला आपणा सर्वांचा आवाज मिळाला तर तो दूरवर ऐकू येईल, अशी आमची श्रद्धा आहे. सर्व सभासद बंधुभगिनींना सप्रेम जयजिनेंद्र.